फ्रेडरिक बूथ-टकर: गुन्हेगार सुधारतो असं मानणारे मुक्तिफौजी आणि जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा

अमरावती किंवा अकोला जिल्ह्यात कुठे घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी पारधी बेड्यावर येते, ही तक्रार वऱ्हाडात नवी नाही. ज्याच्या नावावर एकही गुन्हा नाही त्यालाही चौकशीला नेलं जातं, असं बेड्यावरचे लोक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. या संशयाचं मूळ इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. त्या कायद्याच्या गोष्टीत एक ख्रिस्ती धर्मप्रचारकही आहे, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

फ्रेडरिक बूथ-टकर हे त्यांचं नाव. ते आधी न्यायदान करणारे सरकारी अधिकारी होते, मग मुंबईत स्वतः कैदी झाले आणि पुढे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहती चालवणाऱ्या संस्थेचे प्रमुख बनले. कोणताही गुन्हेगार बदलू शकतो, अशी त्यांची श्रद्धा होती. ज्या कायद्याच्या आधाराने त्यांनी ती राबवली, तो कायदा मात्र माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवत होता.

साहेबी नोकरी सोडली

टकर यांचा जन्म १८५३ मध्ये आजच्या बिहारमधल्या मुंगेर इथे झाला. घराणं कंपनी सरकारातलं. आजोबा हेन्री सेंट जॉर्ज टकर हे ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष राहिलेले. मुलाचं शिक्षण इंग्लंडमध्ये झालं. तो इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि पंजाबात नेमणूक घेऊन परत आला.

त्या काळात जिल्ह्यातला असा अधिकारी एकाच वेळी महसूल गोळा करायचा आणि खटलेही चालवायचा. चोरी, मारामारी, दरोडा अशी प्रकरणं त्याच्यापुढे यायची. दंड किती, तुरुंग किती, हे ठरवणं हा रोजच्या कामाचा भाग होता.

याच काळात लंडनमध्ये विल्यम बूथ यांची मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी, नावारूपाला येत होती. दारूच्या गुत्त्यांपुढे, झोपडपट्ट्यांत आणि तुरुंगांच्या दारात जाऊन धर्मप्रचार करणारी ही संघटना. कॅप्टन, मेजर, जनरल अशा लष्करी हुद्द्यांमुळे तिची थट्टा व्हायची. टकर यांच्या हाती तिचं नियतकालिक पडलं. ते वाचून ते प्रभावित झाले, रजा काढून इंग्लंडला गेले आणि १८८१ मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन मुक्तिफौजेत दाखल झाले. पगार, पेन्शन, मानमरातब सगळं सोडलं.

मुंबईच्या रस्त्यावर अटक

१९ सप्टेंबर १८८२ रोजी टकर मुंबईत उतरले. फौज येणार म्हणून पोलीस बंदोबस्तात उभे होते आणि बोटीतून उतरली फक्त चार माणसं, असा किस्सा मुक्तिफौजेच्या इतिहासात हमखास सांगितला जातो.

चारच असले तरी त्यांनी शहरात खळबळ उडवली. वाजंत्री लावून, झेंडा घेऊन ते रस्त्यातून मिरवणूक काढत. पुढे त्यांनी भगवे कपडे घातले, अनवाणी चालू लागले, मांसाहार सोडला. टकर यांनी फकीर सिंग असं नाव घेतलं. गोरा साहेब भगव्या वेशात भिक्षा मागत फिरतो, हे दृश्य सरकारला नकोसं होतं. राज्यकर्त्यांचा दरारा त्यामुळे कमी होईल, अशी भीती होती. दुसरं कारण म्हणजे मिरवणुकीवरून धार्मिक दंगा उसळेल, ही पोलिसांची काळजी.

मिरवणुकांवर बंदी आली. टकर यांनी ती मानली नाही. काल-परवापर्यंत ज्या खुर्चीत ते स्वतः बसत होते, त्याच प्रकारच्या खुर्चीपुढे ते आता आरोपी म्हणून उभे राहिले. दंड भरायला त्यांनी नकार दिला आणि १८८३ मध्ये तुरुंगवास पत्करला. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी धर्म वेगळा असूनही त्यांची बाजू घेतली. शेवटी सरकारला हा विरोध सैल करावा लागला.

कायद्याने शिक्षा झाली म्हणजे माणूस वाईट ठरतो असं नाही, हे टकर यांनी स्वतः अनुभवलं होतं. शांतपणे रस्त्याने चालण्यासाठी पोलिसांची परवानगी लागणं म्हणजे काय, हेही त्यांना ठाऊक झालं होतं. ही गोष्ट पुढच्या कहाणीसाठी लक्षात ठेवायला हवी.

घर, दुःख आणि परत भारत

टकर यांच्या पहिल्या पत्नी लुईसा यांचं १८८७ मध्ये निधन झालं. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न विल्यम बूथ यांची मुलगी एमा हिच्याशी झालं. बूथ घराण्याचं नाव पुढे चालावं म्हणून त्यांनी आपलं आडनाव बूथ-टकर केलं. अहिल्यानगरमधलं बूथ हॉस्पिटल ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्या इव्हँजलिन बूथ म्हणजे एमाची बहीण.

१८९६ पासून दोघांनी अमेरिकेतल्या मुक्तिफौजेची धुरा सांभाळली. शहरातल्या गरिबांना गावाकडे जमीन देऊन वसवायचं, अशा शेती वसाहतींचा प्रयोग बूथ-टकर यांनी तिथे केला. १९०३ मध्ये मिझुरी राज्यात रेल्वे अपघातात एमा गेली. काही वर्षांनी, १९०७ मध्ये, ते पुन्हा भारतात कामाला आले. आता त्यांच्या डोक्यात वसाहतींची कल्पना पक्की होती. भारतात ती वापरण्यासाठी सरकारनेच त्यांच्यापुढे एक प्रश्न ठेवला.

शिक्षा कशासाठी? ख्रिस्ती विचारातले दोन प्रवाह

तो प्रश्न समजण्याआधी ख्रिस्ती परंपरेत शिक्षेकडे कसं पाहिलं जातं, ते थोडक्यात बघू. या बाबतीत एकच एक ख्रिस्ती मत कधीच नव्हतं.

बायबलच्या जुन्या करारात डोळ्याच्या बदल्यात डोळा हा नियम येतो. आपण त्याला सूडाचा नियम समजतो. पण अनेक अभ्यासकांच्या मते तो सूडाला घातलेली मर्यादा होती: एका डोळ्याच्या बदल्यात अख्खं कुटुंब मारायचं नाही. नव्या करारात येशू सूडच नाकारतो, आणि क्रूसावर शेजारी लटकलेल्या गुन्हेगाराला शेवटच्या घटकेला स्वीकारतो. दुसरीकडे संत पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात राज्यसत्तेला शिक्षेचा अधिकार असल्याचं मान्य करतो.

या दोन टोकांमध्ये पुढची दोन हजार वर्षं वाद चालू राहिला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेत विरोधी पंथाच्या लोकांनी एका ख्रिस्ती पुरोहिताचा खून केला. तेव्हा संत ऑगस्टीन यांनी न्याय करणाऱ्या अधिकाऱ्याला पत्र लिहून खुन्यांना ठार करू नये, त्यांचे अवयव तोडू नयेत, अशी विनंती केली. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी मात्र समाजाच्या भल्यासाठी मृत्युदंड योग्य ठरतो, अशी मांडणी केली. कॅथलिक चर्चने मृत्युदंड कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही, असा बदल आपल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात केला तो थेट २०१८ मध्ये.

मधल्या काळात तिसरा विचार पुढे आला: शिक्षा म्हणजे पश्चात्तापाची संधी. अमेरिकेतल्या क्वेकर पंथीयांचा फिलाडेल्फियाच्या तुरुंगांवर मोठा प्रभाव होता. कैद्याला एकांत कोठडीत बायबल देऊन ठेवायचं, म्हणजे तो आत डोकावून सुधारेल, ही त्यामागची कल्पना. हेतू दयेचा होता, पण दीर्घ एकांतामुळे अनेक कैद्यांची मनं कोलमडली.

मुक्तिफौजेने वेगळी वाट धरली. तुरुंगातून सुटलेल्याला दारातच गाठायचं, त्याला निवारा आणि काम द्यायचं. तिचं असं पहिलं घर १८८३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला सुरू झालं. भुकेल्या माणसाला नुसता उपदेश करून उपयोग नाही, हे मुक्तिफौजेने ओळखलं होतं.

कायद्याने बनवलेले गुन्हेगार

भारतात सरकारपुढे असलेला प्रश्न वेगळाच होता. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला होता. जसा सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार, कारण हिंदुस्थानात धंदा जातीने चालतो, असा युक्तिवाद त्यामागे होता. सरकारने एखाद्या जमातीची अधिसूचना काढली की तिच्यातल्या प्रत्येकाची नोंद होई, हजेरी लागे, आणि परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. ही अधिसूचना चूक आहे की बरोबर, हे कोणत्याही न्यायालयाला तपासता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलेलं होतं. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार वर्षांच्या मुलांनाही आईबापांपासून वेगळं काढून सुधारगृहात ठेवण्याची सोय केली.

म्हणजे गुन्हा सिद्ध होण्याआधीच शिक्षा, आणि दाद मागायला जागा नाही.

हे लोक कोण होते, हे वऱ्हाडात पाहिलं की नीट कळतं. फासेपारधी फासे लावून तितर-हरणं धरायचे. टाकणकार गावोगाव हिंडून जात्या-पाट्यांना टाकी लावून द्यायचे. दळण घरोघरी जात्यावर होत होतं तोवर त्यांच्याशिवाय गावाचं चालत नव्हतं. बंजारे बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्याची ने-आण करायचे. १८६० च्या दशकात वऱ्हाडातून नागपूरपर्यंत रेल्वे आली, कापसाच्या बाजारपेठा वाढल्या आणि बैलांच्या तांड्यांचं काम गेलं. जंगलांवर सरकारी निर्बंध आले तशी शिकार आटली. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वऱ्हाडातल्या टाकणकारांची नोंद जात्याला टाकी लावणारे म्हणूनही आहे आणि चोऱ्या-दरोड्यांशी जोडलेले म्हणूनही. सरकारी कागदांवर यातली दुसरी ओळखच ठळक होत गेली.

गोरखपूर ते स्टुअर्टपुरम

कायदा होऊन चाळीस वर्षं होत आली तरी चोऱ्या थांबल्या नव्हत्या. हजेरी लावून पोट भरत नाही, हे उघड होतं. त्यामुळे १९०८ मध्ये संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशच्या, सरकारने मुक्तिफौजेला हाक दिली. गोरखपूर इथे डोम जमातीची वसाहत बूथ-टकर यांच्या संस्थेकडे सोपवण्यात आली. पुढे पंजाब आणि मद्रास प्रांतातही वसाहती उभ्या राहिल्या. १९११ च्या नव्या कायद्याने गुन्हेगार जमातींना वसाहतीत डांबण्याची व्यवस्था अधिक घट्ट केली आणि बोटांचे ठसे घेणंही त्यात आलं.

बूथ-टकर यांनी या कामावर अहवाल आणि पुस्तिका लिहिल्या. गुन्हेगारी हा आजार आहे आणि त्यावर उपचार होऊ शकतो, ही त्यांची मुख्य मांडणी. गुन्हेगारांचे त्यांनी तीन प्रकार केले: वंशपरंपरेने आलेले, सवयीचे आणि प्रसंगाने झालेले. यातले वंशपरंपरेचे गुन्हेगार सुधारण्यासारखे आहेत, असं ते आग्रहाने सांगत. या लोकांना काम दिलं, जमीन दिली, मुलांना शाळा दिली, तर ते इतरांसारखेच राहतील, असा त्यांचा विश्वास होता. त्यासाठी हातमाग, रेशीम, शेती असे उद्योग त्यांनी सुरू केले. अनेक इंग्रज अधिकारी या लोकांना कायमचं वाया गेलेलं समजत होते. त्या तुलनेत बूथ-टकर यांचं म्हणणं नक्कीच माणुसकीचं होतं. सरकारने १९१३ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं.

याच १९१३ मध्ये आजच्या आंध्र प्रदेशात स्टुअर्टपुरम ही वसाहत झाली. मद्रास सरकारातले अधिकारी हॅरॉल्ड स्टुअर्ट यांच्यावरून तिचं नाव पडलं. इथे येरुकुल जमातीची कुटुंबं आणून वसवली. शेती पुरेना, तेव्हा माणसं जवळच्या चिराळा गावच्या तंबाखू कारखान्यात मजुरीला जाऊ लागली. कारखान्याला हक्काचे मजूर मिळाले. मजुरांना काम नाकारून दुसरीकडे जायची मुभा मात्र नव्हती, कारण कुंपणाबाहेर जायला परवाना लागायचा.

श्रद्धा आणि कायदा यांची गाठ

इथेच बूथ-टकर यांच्या कामातली अडचण दिसते.

ख्रिस्ती श्रद्धेनुसार पाप एका माणसाचं असतं आणि पश्चात्तापही त्याचाच असतो. ज्याने चूक केली त्याने ती कबूल करायची, मग त्याला क्षमा मिळते आणि नवं आयुष्य सुरू होतं. पण वसाहतीत आलेल्या बाईने किंवा मुलाने नेमकी कोणती चूक केली होती? अनेकांवर कसलाही खटला चाललेला नव्हता. ज्याने गुन्हाच केलेला नाही त्याला सुधारायचं म्हणजे काय करायचं, आणि त्याला माफी कोणत्या गोष्टीची द्यायची? या प्रश्नाला वसाहतीच्या व्यवस्थेत उत्तर नव्हतं.

खरा गुन्हेगार असला तरी शिक्षेला शेवट असतो. चोराला दोन वर्षांची सजा झाली तर दोन वर्षांनी तो सुटतो. उपचाराला असा शेवट नसतो, कारण रोगी बरा झाला की नाही हे डॉक्टर ठरवतो. वसाहतीत तो डॉक्टर व्यवस्थापकच होता. त्याचं समाधान झालं तर सुटका, नाहीतर पुन्हा हजेरी. फिलाडेल्फियाच्या कोठड्यांमध्ये जे घडलं, त्याच्याशी याचं नातं जवळचं आहे: भल्या हेतूने घातलेलं बंधन कधी सैल करायचं, हे बंधन घालणाऱ्याच्याच हातात राहिलं.

मुंबईत बूथ-टकर स्वतः अन्याय्य बंदीविरुद्ध उभे राहिले होते. तेव्हा त्यांना मोडता येईल असा एक ठरावीक हुकूम होता, उभं राहायला न्यायालय होतं आणि बाजूने बोलणारे केशवचंद्र सेन होते. गोरखपूरच्या डोमांना किंवा स्टुअर्टपुरमच्या येरुकुलांना यातलं काहीच नव्हतं. बूथ-टकर यांनी या लोकांना काम आणि आसरा दिला, पण त्यांच्या जमातीवर मारलेला शिक्का मुळातच चूक आहे, असा लढा उभारला नाही. उलट त्या शिक्क्याच्या आधारानेच त्यांच्या वसाहती चालल्या.

त्यांच्या बाजूने एवढं म्हणता येईल, की त्या काळात हिंदुस्थानातल्या सुशिक्षित समाजातूनही या कायद्याविरुद्ध फार मोठा आवाज उठला नव्हता. सरकारकडून काम घेतलं नसतं, तर या कुटुंबांच्या वाट्याला फक्त पोलीसच आले असते. दया आणि न्याय यांपैकी जे हाताशी होतं ते त्यांनी घेतलं. मात्र न्यायाविना मिळालेली दया कुंपणाच्या आतच राहते, हे त्यांच्या वसाहतींतून दिसतं.

शिक्का पुसला, संशय राहिला

बूथ-टकर १९१९ मध्ये भारतातून परतले आणि १७ जुलै १९२९ रोजी इंग्लंडमध्ये वारले. वसाहती त्यांच्या मागेही चालू राहिल्या. महाराष्ट्रात सोलापूरची वसाहत मोठी होती. गिरण्यांच्या त्या शहरात एक भाग आजही सेटलमेंट याच नावाने ओळखला जातो.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. वऱ्हाड तेव्हा मुंबईत नव्हे, तर मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होतं. देशभरात कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणूनच हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण त्याच सुमारास राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. ते जमातीवर नव्हे तर व्यक्तीवर लागू होते, तरी पोलिसांची नजर जुन्याच वस्त्यांवर राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध्यांची उरलीसुरली शिकारही गुन्हा ठरली. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि टाकणकारांची टाकी थांबली.

नव्या सवलतींची रचनाही गुंतागुंतीची आहे. फासेपारधी आणि टाकणकार अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, तर राज पारधी, पाल पारधी आणि बंजारा विमुक्त जातींत. कैकाडी अमरावती-अकोल्यासह विदर्भाच्या बहुतेक भागात अनुसूचित जातीत येतात, पण उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. त्यामुळे दाखला काढताना जुन्या नोंदी शोधत फिरावं लागतं. आजोबांचा जन्म पालावर झालेला, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, मग नोंद आणायची कुठून, हा प्रश्न बेड्यावरच्या अनेक घरांत आहे. एकेकाळी सरकारने याच कुटुंबांतल्या माणसांची नावं, ठसे आणि हजेऱ्या काटेकोरपणे लिहून ठेवल्या होत्या. शाळेच्या आणि जन्माच्या नोंदींबाबत मात्र तसा काटेकोरपणा कुणी दाखवला नाही.